बारकोडसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? एक्सेलपासून पायथॉनपर्यंत, कामाप्रमाणे निवड

बारकोडचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण किंमत आणि सोयींची यादी पाहून सुरुवात करतात. त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: ज्या नंबराचा बारकोड करायचा, तो नंबर आत्ता कुठे आहे? एक्सेलच्या रकान्यात, टॅलीत, कोहासारख्या ग्रंथालय प्रणालीत, की तुम्हीच लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये? बारकोड शक्यतो तिथेच तयार झाला पाहिजे. तो नंबर बघून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने टाइप करावा लागत असेल तर निवड चुकली म्हणून समजा. बारकोडमुळे टायपिंगची चूक टळावी, हाच तर सगळा उद्देश आहे. लेबल करतानाच पुन्हा टायपिंग आलं, तर चुकीचा नंबर अगदी सुबक रेघांत छापला जातो आणि स्कॅनर तो निमूटपणे वाचतो.

पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत: आधी नंबर, मग कोडचा प्रकार, आणि सॉफ्टवेअर त्यानंतर.

पायरी १: नंबर कोणाचा आहे ते ठरवा

सॉफ्टवेअर रेघा काढून देतं, नंबर देत नाही. हा गैरसमज लघुउद्योजकांत फार आहे. तुमचा माल सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन विकायचा असेल, तर जगभर चालणारा नंबर जीएसवन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागतो. त्यांनी दिलेल्या नंबरांची सुरुवात ८९० ने होते. एखाद्या सॉफ्टवेअरने ८९० ने सुरू होणारा ईएएन-१३ (विक्रीच्या मालावरचा १३ अंकी बारकोड) काढून दिला म्हणजे तो तुमचा झाला असं नाही. तो आधीच दुसऱ्या कोणाचा तरी असू शकतो.

पुस्तक छापणाऱ्यांचं काम सोपं आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळालेला १३ अंकी आयएसबीएन हाच ईएएन-१३ म्हणून छापता येतो. त्यासाठी वेगळा नंबर विकत घ्यावा लागत नाही.

घरगुती वापराचे नंबर, म्हणजे ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, कार्यालयातल्या खुर्च्या-संगणकांचे जडवस्तू क्रमांक, पॅथॉलॉजी लॅबचे नमुना क्रमांक, हे तुमचे तुम्ही ठरवायचे. माझा आग्रह असा, की ते फक्त अंकांत ठेवा, सगळ्यांची लांबी सारखी ठेवा आणि अंकांची संख्या सम ठेवा: सहा किंवा आठ. कारण पुढच्या पायरीत कळेल.

ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड या यादीत येत नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झालं. त्यावरचा क्यूआर पोर्टलकडून डिजिटल सही होऊन येतो. तो जसाच्या तसा छापायचा असतो, आपण तयार करायचा नसतो. त्यात मजकूर बराच असल्यामुळे चौकोन दाट येतात, म्हणून बिलाच्या कोपऱ्यात तो फार बारीक करू नका.

पायरी २: कोडचा प्रकार, आणि लेबलवर तो मावतो का

प्रकार डझनावारी आहेत, पण कार्यालयात लागतात ते चारच. विक्रीच्या मालाला ईएएन-१३, घरगुती नंबरांना कोड १२८ किंवा कोड ३९, आणि वेबपत्ता किंवा लांब मजकूर असेल तर क्यूआर. (अगदी लहान सुट्या भागांवर डेटा मॅट्रिक्स वापरतात, पण ते कारखान्याचं काम.)

कोड ३९ जुना आणि भोळा आहे. त्यात इंग्रजी मोठी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं बसतात, आणि तपासणी अंकाची (बाकीच्या अंकांवरून काढलेल्या, वाचनातली चूक पकडणाऱ्या अंकाची) सक्ती नाही. कोड १२८ मध्ये तपासणीचं चिन्ह असावंच लागतं, आणि त्याच्या ‘सी’ संचात दोन अंक मिळून एकच चिन्ह होतं. म्हणून अंकांची संख्या सम ठेवायची.

याचा परिणाम मोजून बघा. आठ अंकी नंबर घ्या आणि सर्वात बारीक रेघ पाव मिलिमीटर धरा. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) लेबल प्रिंटरवर दोन ठिपक्यांची रेघ साधारण तेवढीच येते. कोड ३९ मध्ये, जाड रेघ बारकीच्या तिप्पट धरली, तर एका अक्षराला पुढच्या मोकळ्या जागेसह १६ एकक लागतात (एक एकक म्हणजे सर्वात बारीक रेघेची जाडी). कोडची सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या दोन्ही टोकांच्या तारका धरून अक्षरं होतात दहा. म्हणजे १५९ एकक, जवळजवळ ४० मिलिमीटर. कोड १२८ च्या ‘बी’ संचात, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला किंवा अंकाला एक चिन्ह लागतं तिथे, तोच नंबर १२३ एककांचा, म्हणजे ३१ मिलिमीटरच्या आत. ‘सी’ संचात फक्त ७९ एकक, २० मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. या प्रत्येकात दोन्ही बाजूंची दहा-दहा एककांची कोरी जागा मिळवा, म्हणजे आणखी पाच मिलिमीटर.

आता स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ६५ लेबलांचा ए-फोर कागद घ्या. त्यातलं एक लेबल सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असतं. कोड ३९ त्यावर मावतच नाही. ‘बी’ संच ३६ मिलिमीटरांत कसाबसा बसतो, पण कागद प्रिंटरमध्ये जरासा सरकला की कोरी जागा गेली. ‘सी’ संच आरामात बसतो. ‘कोड मावत नाही’ म्हणून तो ओढून दाबला जातो, रेघांची जाडी बिघडते आणि मग स्कॅनरला दोष दिला जातो. हे सगळं या हिशेबात आधीच दिसतं. त्यामुळे सॉफ्टवेअर बघताना पहिला प्रश्न हा ठेवा: कोड १२८ मध्ये ते ‘सी’ संच आपोआप निवडतं का?

ईएएन-१३ चं माप मात्र ठरलेलं आहे. पूर्ण आकारात कोऱ्या जागेसह रुंदी ३७.२९ मिलिमीटर, आणि ८० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेतच लहान-मोठं करायचं. वेष्टन सजवणारा डिझायनर उंची कापायला निघाला तर त्याला अडवा. उंची कमी झाली की काउंटरवर पाकीट दोन-तीनदा फिरवावं लागतं.

पायरी ३: एक्सेल, वर्ड आणि बाकी ऑफिस

एक्सेलमध्ये नंबर असतील तर फाँटचा रस्ता सर्वात स्वस्त. ‘लिब्रे बारकोड’ हे मोफत फाँट गूगल फाँट्सवर आहेत. कोड ३९ साठी शेजारच्या रकान्यात सूत्राने नंबराच्या मागे-पुढे तारका जोडायची आणि त्या रकान्याला फाँट लावायचा, एवढंच. गूगल शीट्समध्येही हेच फाँट ‘आणखी फाँट’ मधून घेता येतात, संगणकावर काही बसवावं लागत नाही.

कोड १२८ ला नुसता फाँट पुरत नाही, आणि नेमकं इथेच बरेच जण अडकतात. फाँट लावल्यावर रेघा दिसतात, पण स्कॅनर गप्प. कारण सुरुवातीचं चिन्ह, तपासणीचं चिन्ह आणि शेवटचं चिन्ह सूत्राने घालावं लागतं. हिशेब असा: ‘बी’ संचाच्या सुरुवातीची किंमत १०४. इंग्रजी ए, एक, दोन अशी तीन अक्षरं घ्या. त्यांच्या किमती ३३, १७ आणि १८. प्रत्येकीला तिच्या जागेने गुणा: ३३, ३४, ५४. सगळ्यांची बेरीज २२५, तिला १०३ ने भागून बाकी १९. एकोणीस किंमतीचं चिन्ह म्हणजे ३ हा अंक, तोच तपासणीचा. हे काम करणारं छोटं मॅक्रो फाँटबरोबर मिळतं किंवा विकत घेता येतं. पण एका कंपनीचा फाँट आणि दुसऱ्याचं मॅक्रो अशी जोडी लावू नका. सुरुवात-शेवटाची चिन्हं कोणत्या कळांवर बसवायची, हे प्रत्येक फाँटवाला आपलं आपण ठरवतो.

ईएएन-१३ चा तपासणी अंक एक्सेलच्या साध्या सूत्राने निघतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. विषम जागांवरच्या अंकांची बेरीज २८. सम जागांवरची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाने भाग जाणारी पुढची संख्या गाठायला जेवढे कमी पडतात तो तपासणी अंक; १३० ला दहाने भाग जातोच, म्हणून तो शून्य. प्रिंटरकडे नंबर पाठवण्याआधी हा रकाना करून ठेवाच.

एक्सेलच्या दोन खोड्या मात्र सांभाळा. एक, नंबराच्या सुरुवातीची शून्यं तो खातो. दोन, पंधरा अंकांपुढचे अंक तो शून्य करून टाकतो, त्यामुळे खोक्यांवरचे १८ अंकी शिपिंग नंबर नासतात. नंबर टाइप करायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका, ‘डेटा’ टॅबमधून आणा आणि रकान्याचा प्रकार तिथेच सांगा. शिवाय यादी मराठी अंकांत टाइप झालेली असेल तर ती आधी इंग्रजी अंकांत करून घ्या, कारण देवनागरी अंक या फाँटांना आणि कोड १२८ ला माहीतच नाहीत.

वर्डमध्ये एक चांगली सोय आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. वर्ड २०१३ पासून मेल मर्जमध्ये (यादीतल्या प्रत्येक नोंदीचं वेगळं लेबल करून देणारी सोय) ‘मर्जबारकोड’ हे फील्ड चालतं. मेनूत त्याचं बटण सापडलं नाही तरी हरकत नाही. लेबलच्या पहिल्या चौकटीत कंट्रोल आणि एफ-९ दाबून कंस आणायचे, आत इंग्रजीत फील्डचं नाव, एक्सेलच्या रकान्याचं नाव आणि कोडचा प्रकार लिहायचा. उंची ट्विपमध्ये सांगतात, १,४४० ट्विपचा एक इंच. कोड ३९, कोड १२८, ईएएन-१३ आणि क्यूआर हे सगळे त्यात आहेत. तपासणीचं चिन्ह वर्डच काढतो. शाळेची ओळखपत्रं, संस्थेची सभासद कार्डं, निमंत्रणपत्रिकांवरचे क्यूआर, यासाठी वेगळं काहीही विकत घ्यायला नको. एक्सेलमध्ये यादी आणि वर्डमध्ये लेबल ही जोडी लहान संस्थांसाठी मला सर्वात भरवशाची वाटते.

अ‍ॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावर चालणारे बारकोड कंट्रोल (फाइलीत बसवायचे छोटे प्रोग्रॅम) आजही विकले जातात आणि अ‍ॅक्सेसच्या जुन्या रिपोर्टांत बसलेले असतात. नव्या कामासाठी ते घेऊ नका. ३२ बिटांचा कंट्रोल ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये चालत नाही. त्यात ऑफिस २०२४ मध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांत अ‍ॅक्टिव्हएक्स मुळातच बंद असतं. संगणक बदलला की जुनी फाइल रिकामी चौकट दाखवते आणि ती बसवून देणारा माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

लिब्रेऑफिसमध्ये क्यूआर तयार करण्याची सोय आवृत्ती ६.४ पासून आहे. एकदोन कोडांसाठी ती पुरते, शेकडो लेबलांसाठी नाही.

ग्रंथालयवाल्यांना एक विनंती. कोहा वापरत असाल तर त्यात लेबल क्रिएटर आहे आणि दाखल क्रमांकही तिथेच आहेत. बाहेरचं सॉफ्टवेअर शोधण्याआधी ते उघडून बघा. टॅलीचंही तसंच: माल-नोंदी टॅलीत असतील तर टीडीएलमधलं (टॅलीच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं) लेबलचं अ‍ॅड-ऑन घ्या, म्हणजे दर आणि नाव दुसरीकडे चढवावं लागणार नाही.

पायरी ४: लेबल सॉफ्टवेअर कधी विकत घ्यावं

बारटेंडर, नाइसलेबल, झेब्राडिझायनर ही या क्षेत्रातली नेहमीची नावं. रोज शेकडो लेबलं निघत असतील, रोलवर चालणारा थर्मल (उष्णतेने छापणारा) प्रिंटर असेल आणि छापणारा माणूस संगणकाचा जाणकार नसेल, तर यांचे पैसे वसूल होतात. ही सॉफ्टवेअरं एक्सेल फाइलला किंवा डेटाबेसला थेट जोडता येतात आणि रेघेची जाडी प्रिंटरच्या ठिपक्यांशी जुळवून घेतात. प्रिंटरबरोबर बहुधा एखादी साधी मोफत आवृत्तीही मिळते. ती एक्सेलला जोडता येते की नाही, एवढं खरेदीआधी विचारा. मोफत आणि सशुल्क यांच्यातला फरक बऱ्याचदा तिथेच असतो.

लिनक्सवर किंवा अजिबात खर्च करायचा नसेल तर झिंट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पन्नासहून जास्त प्रकारचे कोड काढतं, खिडकीतून आणि कमांडवरून दोन्हीकडून चालतं.

इंटरनेटवरच्या मोफत साइटवर एकेक नंबर टाकून चित्र उतरवणं हा एखाद्या पोस्टरपुरता ठीक रस्ता आहे. रुग्णांचे किंवा ग्राहकांचे नंबर तिथे टाकू नका. क्यूआरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. ‘डायनॅमिक’ क्यूआर देणारी साइट तुमच्या पत्त्याऐवजी स्वतःचा पत्ता कोडमध्ये भरते. वर्गणी संपली की छापलेली हजार पत्रकं निकामी होतात. तयार झालेला क्यूआर फोनने वाचून आत कोणता पत्ता दिसतो ते पाहा, मगच छपाईला द्या.

पायरी ५: प्रोग्रॅम तुम्ही लिहीत असाल तर

पायथॉनमध्ये रेघांच्या कोडसाठी पायथॉन-बारकोड आणि क्यूआरसाठी सेग्नो किंवा क्यूआरकोड या लायब्ररी पुरतात. पायथॉन-बारकोडचा कोड ३९ न सांगता तपासणी अक्षर जोडतो. तुमच्या नोंदीत १२४५७ आणि स्कॅनरमधून त्यापुढे एक जादा अक्षर, असं झालं तर डेटाबेसमध्ये शोधत बसू नका. तो पर्याय बंद करा, नाहीतर कोड १२८ वर या. दुर्मिळ प्रकारचे कोड लागले तर ट्रीपोएम आहे, पण त्याला घोस्टस्क्रिप्ट बसवावं लागतं.

जावामध्ये झेडक्सिंग सर्वांच्या ओळखीची. ती आता देखभालीपुरती चालू आहे, तरी नेहमीच्या कामाला भरवशाची आहे. फक्त कोड काढायचे असतील, वाचायचे नसतील, तर ओकापी जास्त नेमकी. जॅस्पररिपोर्ट्समध्ये बारकोडचा घटक आतच आहे.

डॉटनेटमध्ये झेडक्सिंग-डॉटनेट घ्या, पण चित्र काढणारा भाग सिस्टिम-ड्रॉइंग-कॉमनवर ठेवू नका. डॉटनेट ७ पासून तो फक्त विंडोजवर चालतो. विंडोजच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोग्रॅम लिनक्स सर्व्हरवर चढवला की तिथे पडतो.

पीएचपीत पिकरची लायब्ररी आणि ब्राउझरमध्ये जेएसबारकोड किंवा बीविप-जेएस, ही निवड डोळे झाकून करता येते. पीडीएफसाठी आयटेक्स्ट वापरणाऱ्यांनी परवाना वाचावा. तो एजीपीएल आहे, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम बंद स्रोताचा असेल तर पैसे भरून परवाना घ्यावा लागतो.

थर्मल प्रिंटरला चित्र पाठवण्यापेक्षा त्याच्याच भाषेत आज्ञा पाठवणं चांगलं. झेब्राची झेडपीएल, टीएससीची टीएसपीएल. नंबर आणि प्रकार सांगितला की रेघा प्रिंटर स्वतः काढतो, त्या ठिपक्यांवर नेमक्या बसतात आणि छपाईचा वेगही वाढतो. लॅबच्या नमुना-नळ्यांसाठी किंवा गोदामासाठी मी दुसरा रस्ता सुचवणार नाही.

पायरी ६: लेबलवर मराठी

याबद्दल इंग्रजी माहितीपत्रकांत काही सापडत नाही, आणि आपल्याकडे खरी पंचाईत इथेच होते. कोड ३९ आणि कोड १२८ मध्ये देवनागरी बसत नाही. क्यूआरमध्ये बसते, एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेऊन, आणि फोन ते वाचतोही. पण संगणकाला जोडलेला स्कॅनर कीबोर्डसारखा एकेक कळ दाबत असतो. त्याला ‘ज्ञ’ कोणत्या कळेने उमटवायचा हे कळत नाही. म्हणून कोडमध्ये फक्त नंबर ठेवा आणि मराठी नाव शेजारी छापा.

उलट बाजूही तपासा. संगणकाची भाषा त्या क्षणी मराठी इनस्क्रिप्टवर असेल तर स्कॅनरने पाठवलेली इंग्रजी अक्षरं देवनागरी होऊन उमटतात, आणि काही कळफलकांत अंकसुद्धा. कॅप्स लॉक चालू असेल तर लहान-मोठी अक्षरं उलटतात. नंबर फक्त अंकांत ठेवण्याचं हे दुसरं कारण. तरी स्कॅन करायच्या काउंटरवर भाषा इंग्रजीवरच राहील अशी व्यवस्था करा.

छापताना जोडाक्षरं फुटतात: ‘ग्रंथालय’ चं ‘ग् रंथालय’ होतं, वेलांटी चुकीच्या जागी जाते. कारण अनेक पीडीएफ लायब्ररींना आणि प्रिंटरच्या स्वतःच्या फाँटांना देवनागरीची जुळणी येत नाही. विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापणारं लेबल सॉफ्टवेअर, वर्ड आणि ब्राउझर यांना ती येते. म्हणून मराठी लेबलांचा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर एचटीएमएलचं पान, त्यात जेएसबारकोडने एसव्हीजी रेघा आणि ब्राउझरमधून छपाई, हा रस्ता मी आधी सुचवेन. झेडपीएलच वापरायचं असेल तर मराठी ओळीचं चित्र करून पाठवा आणि बारकोड आज्ञेनेच राहू द्या. निवडलेलं सॉफ्टवेअर कसाला लावायला ‘श्रीकृष्ण’, ‘विठ्ठल’, ‘कर्हाड’ आणि ‘कऱ्हाड’ हे शब्द छापून बघा. शेवटच्या दोनमधला र वेगवेगळा दिसला पाहिजे.

पायरी ७: पैसे भरण्याआधीची चाचणी

चाचणी आवृत्ती घ्या आणि तुमचा खरा प्रिंटर, खरा कागद, खरा स्कॅनर वापरा. पडद्यावर वाचला गेलेला कोड लेबलवर वाचला जाईलच असं नाही. जुना लेझर स्कॅनर असेल तर तो क्यूआर वाचणारच नाही, आणि फोनच्या पडद्यावरचे कोडही त्याला जमत नाहीत. त्यासाठी कॅमेऱ्याचा, म्हणजे इमेजर स्कॅनर लागतो.

छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून मूळ आकारात छापा. त्या एका खुणेने कोड तीन-चार टक्के आक्रसतो आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. चित्र ठेवायचं तर पीएनजी किंवा एसव्हीजी. जेपीजीमध्ये कडा धूसर होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रेसला पाठवलेल्या चित्राची तीच गत.

मग सर्वात लहान नंबर, सर्वात मोठा नंबर, शून्याने सुरू होणारा एक आणि मधले काही, असे छापा. रिकाम्या एक्सेलमध्ये स्कॅन करा, रकाना ‘टेक्स्ट’ ठेवून. शेजारी मूळ यादी लावा आणि दोन्ही रकाने सूत्राने ताडून बघा. डोळ्यांनी नको, डोळा सहा आणि आठ एकच वाचतो. पुस्तकं किंवा फर्निचर यांसारख्या वर्षानुवर्षं टिकायच्या वस्तू असतील तर रिबनवर छापलेलं लेबल घ्या. नुसत्या उष्णतेने काळा होणारा कागद उन्हात आणि हाताळणीत फिका पडतो, तो कुरिअरच्या पाकिटांना ठीक.

माल मोठ्या दुकानसाखळ्यांना जाणार असेल तर एक प्रश्न विक्रेत्याला आजच विचारून ठेवा: क्यूआर आणि डेटा मॅट्रिक्समध्ये जीएसवनच्या पद्धतीने नंबर, बॅच आणि मुदत भरता येते का? २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरातल्या बिलिंग काउंटरवर असे द्विमितीय कोड वाचले जावेत, असं जीएसवनचं लक्ष्य आहे. आत्ता घेतलेलं सॉफ्टवेअर तेव्हाही तुमच्याकडेच असणार आहे.